सायकलला कुलूप कोणतं लावावं?

(कळंबोली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. मुलाला गिअरची सायकल घेऊन दिली. सोबत प्लॅस्टिकचं आवरण असलेलं, अंगठ्याएवढं जाड केबलचं कुलूप घेतलं. दिसायला दणकट. तीन आठवड्यांनी पोरगा स्टेशनवरून चालत घरी आला, हातात ते कुलूप. तुटलेलं. आत पाहिलं तर बारीक तारांचा एक पीळ, बाकी सगळं प्लॅस्टिक. अशी केबल साध्या पकडीनं, एकेक तार तोडत, मिनिटभरात कापता येते. म्हणजे मी जाडीचे पैसे दिले होते, पोलादाचे नाही.

आता आपण बसलोय कुठे? कळंबोलीत. इथला लोखंड-पोलाद बाजार सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथे बोल्ट कटर म्हणजे काय, ग्राइंडर काय करतो, हे मी सांगायची गरज नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ते हातात धरलेत. (हशा) तेव्हा कुलूप विकत घेताना आपण गिऱ्हाईक म्हणून न बघता कापणाऱ्याच्या नजरेनं बघू.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. न तुटणारं कुलूप नसतं. बॅटरीवरचा ग्राइंडर आणला तर जवळजवळ प्रत्येक कुलूप कापलं जातं. मग कुलूप कशासाठी? चोराला तीन गोष्टी नको असतात: वेळ, आवाज आणि मोठं हत्यार. खिशातल्या पकडीनं गुपचूप होणारं काम वेगळं, आणि ठिणग्या उडवत, कर्कश आवाज करत होणारं काम वेगळं. आपलं कुलूप त्याला दुसऱ्या प्रकारात ढकलतं का, एवढंच विचारायचं.

या कसोटीवर बाजारातले प्रकार लावू. मागच्या चाकावर बसवलेलं गोल कुलूप, जे आपल्या साध्या सायकलींना असतंच, ते फक्त चाक अडवतं. सायकल उचलून टेम्पोत टाकली की काम संपलं. दुकानात दोन मिनिटं जाताना ते ठीक आहे, दिवसभरासाठी नाही. केबलचं मी सांगितलंच. आकड्यांचं कुलूप घेणार असाल तर हिशेब करा. तीन आकडे म्हणजे १००० जोड्या. एका जोडीला दोन सेकंद धरले तरी जास्तीत जास्त ३३ मिनिटांत, काहीही न तोडता, ते उघडतं. स्वस्त कुलपांत तर आकडा जागेवर बसताना बोटाला जाणवतो, मग तेवढाही वेळ लागत नाही.

उरले दोन: जाड साखळी आणि यू-लॉक. इथे धातू बघायचा. साधं मऊ पोलाद, ज्याला आपण एमएस म्हणतो, त्याची ८-१० मिलिमीटरची कडी मध्यम बोल्ट कटरच्या आवाक्यात असते. उष्णता देऊन कठीण केलेल्या, म्हणजे हार्डन केलेल्या पोलादाची १३ मिलिमीटरची कडी बहुतेक हाताच्या कटरला जड जाते. १६ मिलिमीटर असेल तर चोराला वीज किंवा बॅटरीचं हत्यार आणावंच लागतं. पाकिटावर ‘हार्डन्ड’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. घरी जुनं कुलूप असेल तर वरचा मुलामा घालवून त्यावर कानस घासून बघा. मऊ लोखंडात कानस रुतते, कठीण पोलादावरून घसरते. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही.

यू-लॉकमध्ये मोठं घेऊ की छोटं? लोक मोठं घेतात. छोटं घ्या. आतली जागा जितकी रिकामी, तितकी तिथे पहार किंवा छोटा जॅक घालून फाकवायला सोय. आणि दांड्याची दोन्ही टोकं आत अडकतात का ते बघा. एकच टोक अडकत असेल तर एकदा कापून दांडा फिरवला की सुटतो. दोन्ही अडकत असतील तर बहुधा दोनदा कापावं लागतं.

चावीकडेही लक्ष द्या. नळीसारख्या गोल चावीची कुलपं एकेकाळी उत्तम समजली जात. २००४ साली अमेरिकेत उघड झालं की क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या कंपनीची तशी कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीनं उघडतात. कंपनीला ती बदलून द्यावी लागली. पोलाद कितीही चांगलं असलं तरी चोर सर्वांत सोप्या जागेवरच हात घालतो, हा त्यातला धडा. म्हणून स्वस्तातलं गोल चावीचं कुलूप टाळा. परदेशी कुलूप घेत असाल तर त्यावर ब्रिटनच्या ‘सोल्ड सिक्युअर’ची श्रेणी असते: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. हत्यारांनी प्रत्यक्ष हल्ला करून ती ठरवतात, त्यामुळे तिला अर्थ आहे.

आता चांगलं कुलूप घेतलं आणि चुकीच्या जागी लावलं, तर? पुढचं चाक तेवढं खांबाला बांधलं, तर चाक खांबाला राहतं आणि सायकल जाते. क्विक रिलीज असेल तर पानाही लागत नाही. फ्रेम, मागचं चाक आणि पक्की वस्तू, हे तिन्ही एका कुलपात घ्या. कुलूप छोटं असेल तर अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली युक्ती वापरा: मागच्या त्रिकोणाच्या आतून, चाकाची रिम धरून कुलूप घाला. चाक त्या त्रिकोणातून बाहेर निघू शकत नाही, म्हणून फ्रेमही अडकते.

आणि ‘पक्की वस्तू’ खरंच पक्की आहे का? पाण्याचा पीव्हीसी पाइप पक्का नाही. बुटका खांब पक्का नाही, कारण सायकल वरून उचलून काढता येते. सोसायटीत सगळे मिळून काँक्रीटमध्ये जाड कडी गाडून घ्या. फॅब्रिकेशनवाले इथे पावलोपावली आहेत. मात्र ती कडी तुमच्या साखळीपेक्षा बारीक नको, नाहीतर चोर कडीच कापेल. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरच्या एका दांड्यावर पाय देऊन पूर्ण वजन टाकता येतं.

पावसाळ्यात चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा आणि अधूनमधून पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. गंजलेलं कुलूप चोराआधी मालकालाच दगा देतं.

(यानंतर प्रश्नोत्तरे झाली. त्यातला एक प्रश्न असा.)

प्रश्न: सर, माझी सायकल जुनी आहे, दोन-अडीच हजारांची. रोज पहाटे तिच्यावरूनच बाजारात कामाला जातो. तिला हजार-दीड हजाराचं कुलूप लावणं परवडतं का?

उत्तर: दादा, फार महत्त्वाचं विचारलंत. किंमत सायकलची बघू नका, ती गेल्यावर रोजच्या रिक्षाचे किती जातील ते बघा. कुलूप तुमच्या पुढच्या सायकललाही चालणार आहे. दुसरं कारण कायद्यातलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार साधी चोरी ५००० रुपयांपेक्षा कमी मालाची असेल तर ती अदखलपात्र ठरते. म्हणजे पोलीस एनसी नोंदवतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. पूर्वी तसं नव्हतं. म्हणजे ज्याची सायकल स्वस्त, त्याची ती परत मिळण्याची आशा कमी. म्हणून कुलपाची गरज महागड्या सायकलवाल्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

एवढे पैसे एकदम नसतील तर इथल्याच बाजारातून हार्डन केलेली साखळी मापानं घ्या आणि तिच्याच तोडीचं, दांडा कमीत कमी उघडा राहील असं कुलूप लावा. चाकावरचं गोल कुलूपही सोबत लावा. दोन प्रकारची कुलपं म्हणजे चोराला दोन प्रकारची तयारी.

आणि सगळ्यांनी आज घरी गेल्यावर एक काम करा. सायकल उलटी करा. पॅडलचा धुरा जिथे फ्रेममध्ये बसतो, त्याच्या खाली बहुतेक सायकलींना नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर सीटच्या नळीजवळ बघा. त्याचा फोटो काढा, सायकलसोबत स्वतःचा एक फोटो काढा, बिल असेल तर त्याचाही. सायकल सापडली, तर ती तुमचीच आहे हे त्यावरून सांगता येतं. याला एक रुपयाही लागत नाही.

जाताना खाली लावलेल्या सायकली एकदा बघा. मी येताना पाहिलं, चार सायकली नुसत्या पुढच्या चाकानं बांधल्यात. (हशा)