पशुखाद्यातील आयनोफोर द्रव्यांची घोड्यांना होणारी विषबाधा : बारामती व इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके ऊस, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन यांसाठी परिचित आहेत. या दोन्ही जोडधंद्यांमुळे कारखान्यात तयार झालेले मिश्र खाद्य गोठ्यागोठ्यांत पोहोचले आहे. याच परिसरात घोडाही टिकून आहे. धनगरांच्या फिरत्या वाड्यांत तो बिऱ्हाड वाहतो, लग्नसराईत वरातीत असतो आणि संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यात बेलवाडी व इंदापूर येथील रिंगणांत धावतो. गाय, कोंबडी आणि घोडा यांचे खाद्य एकाच पडवीत साठविले जाते, तेव्हा निर्माण होणाऱ्या धोक्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आयनोफोर द्रव्यांचे स्वरूप :
मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन व लॅसॅलोसिड ही आयनोफोर म्हणजे आयनवाहक गटातील द्रव्ये होत. मोनेन्सिन हे 'स्ट्रेप्टोमायसिस सिनॅमोनेन्सिस' या सूक्ष्मजीवापासून मिळते व १९६७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. कोंबड्यांतील रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस रोखण्यासाठी ते खाद्यात मिसळतात. गुरांमध्ये ते कोठीपोटातील जिवाणूंचा समतोल बदलते. त्यामुळे प्रोपिऑनिक आम्ल अधिक तयार होते, मिथेन वायूच्या रूपाने होणारा ऊर्जेचा ऱ्हास घटतो आणि तेवढ्याच खाद्यात अधिक उत्पादन मिळते. गुरांच्या व कोंबड्यांच्या बाबतीत, ठरावीक मात्रेत, ते उपयुक्तच आहे.

घोड्यातील विषारीपणा :
ज्या मात्रेने निम्मे प्राणी दगावतात तिला मध्यम मारक मात्रा म्हणतात. मोनेन्सिनच्या बाबतीत ती शरीराच्या प्रतिकिलो वजनास कोंबडीत सुमारे २०० मिलिग्रॅम, गुरांत २० ते ८०, मेंढीत सुमारे १२, तर घोड्यात केवळ २ ते ३ मिलिग्रॅम आहे. सॅलिनोमायसिनची मात्रा तर घोड्यात सुमारे ०.६ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. घोड्याच्या यकृतात या द्रव्याचे विघटन करण्याची क्षमता गुरांच्या तुलनेत फार कमी असते, हे यामागील एक महत्त्वाचे कारण होय. न विघटलेले द्रव्य पेशींत सोडियम शिरविते, त्यामागोमाग कॅल्शियम साचते, ऊर्जानिर्मिती थांबते आणि स्नायुपेशी मरतात. घोड्यात याचा सर्वाधिक आघात हृदयाच्या स्नायूंवर होतो.

२५० किलो वजनाच्या तट्टाचे उदाहरण घेतल्यास धोक्याचे प्रमाण स्पष्ट होते. त्याच्यासाठी ५०० ते ७५० मिलिग्रॅम मोनेन्सिन मारक ठरू शकते. दहा टक्के मोनेन्सिन असलेल्या पूर्वमिश्रणाच्या केवळ ५ ग्रॅममध्ये, म्हणजे साधारण एका चमच्यात, ५०० मिलिग्रॅम मोनेन्सिन असते. प्रतिकिलो ६० मिलिग्रॅम सॅलिनोमायसिन असलेले कोंबडीखाद्य ३ किलो खाल्ल्यास शरीराच्या प्रतिकिलो वजनास सुमारे ०.७ मिलिग्रॅम मात्रा जाते व ती मध्यम मारक मात्रेहून अधिक असते. गुरांच्या नीट मिसळलेल्या गोळीपेंडीत प्रमाण कमी असले, तरी मिश्रण सदोष झाल्यास एखाद्या पोत्यात ते अनेकपट वाढू शकते.

याउलट, पशुपालकांना ज्याची अधिक धास्ती वाटते तो युरिया घोड्यापेक्षा गुरांनाच अधिक घातक असतो. एका जातीच्या प्राण्याचा अनुभव दुसऱ्या जातीस लागू करता येत नाही, हेच यावरून दिसून येते.

लक्षणे व उपचार :
घोडा खाद्य टाकतो, घामाघूम होतो, पोटदुखीसारखा अस्वस्थ होतो, मागील पायांत लटपटतो व नाडी जलद चालते. काही वेळा मूत्र गडद होते. मृत्यू कित्येकदा एकदोन दिवसांत ओढवतो. सुरुवातीची लक्षणे पोटशुळासारखी असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो. यावर उतारा नाही. खाद्य तत्काळ बंद करणे, पशुवैद्यकाकरवी नळीने सक्रिय कोळसा वा द्रव पॅराफिन देणे, सलाइन व संपूर्ण विश्रांती एवढेच उपचार हाती राहतात. वाचलेल्या घोड्याच्या हृदयात व्रण राहू शकतो. असा घोडा वरकरणी निरोगी दिसतो, परंतु काही महिन्यांनी धावताना अचानक कोसळू शकतो. रिंगणात वा वरातीत, भोवती माणसांची दाटी असताना, याचे परिणाम किती गंभीर होतील हे सांगावयास नको.

प्रतिबंधक उपाय :
१. गुरांची गोळीपेंड व कोंबडीखाद्य घोड्यास देऊ नये. हरभरा, भरडा, कडबा व गवत हाच आहार ठेवावा.
२. पूर्वमिश्रणे वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवावीत. रिकामी पोती घोड्याच्या चाऱ्यासाठी वापरू नयेत.
३. एकाच यंत्रात विविध खाद्ये बनविणाऱ्यांनी यंत्र प्रत्येक वेळी स्वच्छ करावे.
४. शंका आल्यास उरलेले खाद्य व पोत्यावरील बॅच क्रमांक तपासणीसाठी जपून ठेवावा.

निष्कर्ष :
'पशुखाद्य' या एका शब्दात सर्व जनावरे सामावली जातात, परंतु त्यांची शरीरे एकसारखी नसतात. युरोपीय संघात आयनोफोरयुक्त खाद्यावर ते घोडावर्गीय प्राण्यांस धोकादायक असल्याची सूचना छापावी लागते. आपल्याकडेही अशा प्रत्येक पोत्यावर 'घोड्यांना देऊ नये' एवढे शब्द ठळक मराठीत असल्यास आणि सहकारी दूध संस्थांनी ते सभासदांना समजावून दिल्यास ही विषबाधा बहुतांशी टाळता येईल. उपचार नसलेल्या विषावर माहिती हाच खरा प्रतिबंध होय.