केसांवाचून मांजर

कामगार हजर असतो तोवर त्याचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो खाड्यावर राहिला म्हणजे त्याची किंमत कळते. मांजराच्या केसांचेही तसेच आहे. ही किंमत पाहावयाची तर ‘स्फिंक्स’ नावाची बिनकेसांची जात पाहावी.

नाव इजिप्तचे, परंतु जन्म कॅनडातला. १९६६ साली टोरांटो येथे एका साध्या मांजरीला असे पिल्लू झाले. पुढे १९७० नंतर टोरांटोत व अमेरिकेतील मिनेसोटात आणखी अशी मांजरे सापडली. आजची जात मुख्यतः त्यांच्यापासून वाढविलेली आहे. केस घडविणाऱ्या एका जनुकातील बदलाचा हा परिणाम. अंग अगदी उघडे नसते. कपाशीच्या कोवळ्या पानावर असते तशी बारीक लव असते. मात्र आपल्या गल्लीत केस गेलेले मांजर दिसले, तर ती जात नव्हे. बहुधा खरूज किंवा नायटा असतो. नायटा माणसालाही लागतो. अशा मांजरास जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.

आता केसांची कामे पाहू. कातडीतून पाझरणारे तेल केस टिपून घेतात. या मांजराच्या अंगावर ते तसेच साचते, मळ धरते, अंथरुणाला डाग पाडते. म्हणून साधारण आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने, मांजरासाठी असलेल्या साबणाने आंघोळ घालून अंग लगेच कोरडे करावे. कानांतील मळ व नखांच्या बेचक्याही पुसाव्यात.

दुसरे काम ऊब राखण्याचे. हात लावला तर याचे अंग तापल्यासारखे लागते, पण तो ताप नव्हे. मध्ये केसांचा आडपडदा नसतो इतकेच. अंगातील उष्णता भराभर निघून जाते, म्हणून खाणेही जास्त लागते. धुळ्याच्या पौषातील पहाटे त्याला गोधडी हवीच.

केस उन्हापासूनही राखतात. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे हे मांजर उन्हात बसले तर कातडी भाजते. त्याला सावलीत ठेवावे. माणसांची मलमे लावू नयेत. मांजर अंग चाटते, आणि त्यांतील काही द्रव्ये त्याला विषारी असतात.

‘केस नाहीत, म्हणून दमेकऱ्याच्या घरी चालेल,’ असे सांगून ही मांजरे खपवितात. ते खरे नाही. त्रास देणारे प्रथिन मांजराच्या लाळेत व कातडीच्या तेलात असते. शिवाय या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार आढळतो. त्याची तपासणी वेळोवेळी करावी लागते.

सर्वांत मोठी उणीव मिशांची. अंधारात वाट अजमावण्याचे मांजराचे ते इंद्रिय. या जातीत मिशा नसतात किंवा खुरटलेल्या असतात. याच कारणावरून बर्लिनच्या न्यायालयाने २०१५ साली अशा मांजराची पैदास करण्यास मनाई कायम केली. मला तो न्याय पटतो. हौस आपली आणि वेठ मुक्या जिवाची, हा व्यवहार सरळ नाही.

ज्यांच्या घरी असे मांजर आहे, त्यांनी केसांची ही सारी कामे आपल्या अंगावर घ्यावीत. ज्यांना नवे आणावयाचे आहे, त्यांनी गल्लीतलेच एखादे पिल्लू घरी न्यावे.