पहिले तीन कप मोरीत

मेलबर्नला मुलीकडे राहिलो होतो तेव्हा सकाळी साडेसहाला फिरून येताना कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात थांबायची सवय लागली. दुकान आपल्या अमृततुल्याएवढंच. एक मशीन, दोन ग्राइंडर, आणि बसायला बाहेर दुधाचे उलटे टाकलेले क्रेट. मालकीण ग्रीक घराण्यातली. आठवडाभराने तिने मला मशीनच्या बाजूला उभं राहू दिलं.

दिवसाचे पहिले तीन कप तिने मोरीत ओतले. हिशेब असा: १८ ग्रॅम पूड, २८ सेकंद, आणि खाली ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. पहिला कप २१ सेकंदांतच उतरला. तिने चाखून तोंड वाकडं केलं आणि ग्राइंडरची कडी केसभर फिरवली. हवा बदलली, बिया दोन दिवस जुन्या झाल्या, की कालचं दळण आज चालत नाही. चौथा कप तिने स्वतः प्यायला, मग दाराची पाटी उलटवली.

दूध त्याहून नाजूक. वाफेची नळी दुधाला वरच्या वर टेकवायची, कागद फाटल्यासारखा आवाज दोन-तीन सेकंद येऊ द्यायचा, मग नळी किंचित बुडवून दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं. दुसरा हात भांड्याला लावलेला. चटका बसू लागला की वाफ बंद. मीही एकदा करून पाहिलं. कपडे धुवायच्या साबणासारखा फेस आला. तोही मोरीत गेला.

सात वाजल्यानंतर मात्र ती कुणाला काही विचारत नव्हती. समोर सायकल टेकवणारा माणूस दिसला की त्याचा कप मशीनखाली गेलेला असे.

अशा शहरात स्टारबक्स आलं. ऑस्ट्रेलियातलं त्यांचं पहिलं दुकान २००० साली सिडनीत उघडलं, आठ वर्षांत दुकानं ८४ झाली, आणि जुलै २००८ मध्ये त्यांतली ६१ बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. परदेशी कंपनी म्हणून लोकांनी नाकारलं, असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. मॅकडोनल्डचं मॅककॅफे १९९३ साली याच मेलबर्नमध्ये जन्मलं आणि जगभर गेलं.

अडचण वेगळी होती. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ मध्ये मिलानला गेले, तिथले एस्प्रेसो बार पाहून भारावले आणि ती कल्पना त्यांनी अमेरिकेत रुजवली. तिथे तसं फारसं काही नव्हतं. मेलबर्नला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या इटालियन आणि ग्रीक लोकांनी ते केव्हाच आणलं होतं. बर्क स्ट्रीटवरचं पेलेग्रिनीज १९५४ पासून आहे. स्टारबक्सने इटालियन वस्तीतल्या लायगन स्ट्रीटवरही दुकान थाटलं. म्हणजे देशस्थाच्या घरी जाऊन पुरणपोळी शिकवण्यासारखंच. त्यातून मोठाले कप आणि गोड सिरपं. जिथे लोक फ्लॅट व्हाइट कॉफीमधल्या दुधावर वाद घालतात, तिथे हे कौतुक किती दिवस टिकणार?

गंमत म्हणजे दुखणं शुल्ट्झना स्वतःला कळलं होतं. फेब्रुवारी २००७ च्या एका अंतर्गत पत्रात त्यांनी लिहिलं की स्वयंचलित मशीनांनी वेग आला, पण कॉफी करण्यातली बरीचशी गंमत गेली. शिवाय मशीनं इतकी उंच की करणारा हात गिऱ्हाइकाला दिसेनासा झाला. त्या कोपऱ्यावर मी जे तासभर पाहत उभा राहायचो, नेमकं तेच झाकलं गेलं होतं.

२०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातला कारभार तिथल्याच विदर्स समूहाकडे गेला. दुकानं आजही आहेत, पर्यटकांच्या वाटेवर बरीच.

मेलबर्नला जाणं झालं तर दुकान उघडायच्या आधी पाच मिनिटं जाऊन उभे राहा. पहिले तीन कप मोरीत जाऊ द्या, आणि चौथा मिळाला तर साखर घालू नका.