हँग होणारा संगणक आणि कारणाचा शोध

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, असं आपण कोणत्या आधारावर म्हणतो, इथपर्यंत आलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं ठीक आहे सर, पण रोजच्या जगण्यात याचा उपयोग काय? म्हणून आज एक अगदी घरगुती उदाहरण घेऊ. चालता चालता मध्येच हँग होणारा संगणक, आणि त्याची रॅम बदलायची की नाही, हा प्रश्न.

हे उदाहरण आमच्याच टेबलावरचं आहे. जुन्या व्याख्यानांच्या टिपणवह्या आम्ही स्कॅन करून संगणकावर ठेवत होतो. साधारण दोन दिवसांतून एकदा पडदा जसाच्या तसा थिजायचा. ओळखीच्या तंत्रज्ञांनी नोंदी उघडून पाहिल्या. तिथे ‘कर्नल-पॉवर 41’ असं वारंवार आलेलं. ‘पॉवर’ हा शब्द बघून त्यांनी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून दिला. दोन दिवस संगणक उत्तम चालला. आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी पुन्हा हँग. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

इथे चूक कुठे झाली ते बघा. ती नोंद एवढंच सांगते, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. हँग झालेला संगणक आपण बटण दाबून बंद केला, तरी तीच नोंद होते. म्हणजे ती परिणामाची नोंद आहे, आणि आपण तिला कारण समजलो.

दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. डबा बदलला आणि दोन दिवस शांततेत गेले, म्हणून आम्ही डब्याला श्रेय दिलं. याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. जो बिघाड अधूनमधून येतो, तिथे ‘दोन दिवस आला नाही’ याला फारसं वजन नसतं. हिशोब करून बघा. बिघाड सरासरी दोन दिवसांतून एकदा, पण कसाही, केव्हाही येत असेल, तर काहीच दुरुस्त न करतासुद्धा पुढचे दोन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. सहा दिवस शांत जाण्याची शक्यता मात्र 5 टक्क्यांवर येते. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवा: बिघाड सरासरी जेवढ्या दिवसांनी येतो, त्याच्या निदान तिप्पट दिवस थांबा आणि मगच ‘बरं झालं’ म्हणा.

आता संशय रॅमवरच का जातो, ते थोडं समजून घेऊ. आजची मेमरी ज्या रचनेवर चालते, तिचं पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 मध्ये मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर मिळून एक घर होतं. त्यात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. 8 जीबीच्या एका स्टिकमध्ये अशी सुमारे 6,870 कोटी घरं असतात. आणि ही घरं गळकी असतात, बरं का. साठवलेला भार झिरपत जातो. म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घर पुन्हा भरून घ्यावं लागतं. एवढ्या घरांपैकी एखादं जास्त गळकं निघालं, की तिथे ठेवलेला एक कधी शून्य होईल, सांगता येत नाही. त्या जागी त्या क्षणी विंडोजचा एखादा महत्त्वाचा आकडा असेल, तर यंत्र थिजतं. तुमच्या चित्राचा एखादा ठिपका असेल, तर कोणाला कळतही नाही. बिघाड एकच, पण तो दिसतो मात्र यदृच्छेने.

हे दुर्मीळ आहे असंही समजू नका. गूगलच्या सर्व्हरांवरचा एक मोठा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे 8 टक्के स्टिकमध्ये निदान एकदा तरी चूक आढळली. त्या सर्व्हरांमध्ये चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. आपल्या घरच्या संगणकात ती सहसा नसते, म्हणून आपल्याला कोणी सांगत नाही.

पण म्हणून लगेच रॅम विकत घ्यायला धावू नका. आधी हँग नीट बघा. माउसचा बाण हलतो आहे, पण प्रोग्रॅम उघडत नाही आणि डिस्कचा दिवा सतत पेटलेला आहे, असं असेल तर संशय हार्ड डिस्क किंवा एसएसडीवर घ्या. गेम खेळताना किंवा व्हिडिओवर काम करतानाच थिजतो, तर उष्णता बघा. पंख्यात साचलेली धूळ हे अगदी साधं कारण असतं. नवा ड्रायव्हर टाकल्यापासून सुरू झालं, तर आधी तो काढा. आणि कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवासुद्धा बदलत नसेल, तर सगळं यंत्रच खोलवर अडकलं आहे. तिथे मेमरी, वीजपुरवठा, मदरबोर्ड, ड्रायव्हर असे सगळेच संशयित उरतात.

इथून पुढे आपल्या दोन जुन्या मित्रांची मदत घ्यायची: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण काढलं की कार्य नाहीसं होतं, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 च्या आपल्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात जवळपास हीच गोष्ट वेगळ्या परिभाषेत मांडली. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद केलं. ही सोय मेमरीला तिच्या मूळ प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने पळवते, आणि कधीकधी स्टिक निर्दोष असूनही तेवढ्यानेच हँग होतं. मग मेमटेस्ट 86 प्लस हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू केला आणि रात्रभर चालू ठेवला. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही. तिसऱ्या फेरीत लाल ओळी. पहिल्या फेरीनंतर उठलो असतो, तर रॅमला निर्दोष सोडून दिलं असतं.

पण चूक सापडली म्हणून स्टिकच खराब, असंही नाही. स्लॉट खराब असू शकतो, संपर्क सैल असू शकतो. मग संगणक बंद केला, प्लग काढला, पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि दोन्ही स्टिक काढल्या. चिकटपट्टीवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहून त्यांना लावलं. आधी एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासल्या. ‘अ’ रात्रभर स्वच्छ, ‘ब’ला चुका. मग ‘ब’ दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. तिथेही चुका. आणि ‘अ’ त्या दुसऱ्या स्लॉटमध्येही स्वच्छ. बिघाड स्लॉटमध्ये राहिला नाही, स्टिकबरोबर फिरला. आता म्हणता येतं, दोष ‘ब’चा.

इथे एक विषमता ध्यानात घ्या. चाचणीत चूक निघाली, तर मेमरीच्या मार्गात काहीतरी बिघडलं आहे हे निश्चित. चूक निघाली नाही, तर मात्र ‘अजून सापडली नाही’ एवढंच सिद्ध होतं.

आता नवी स्टिक निवडायची. पहिला प्रश्न पिढीचा. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर4 आणि डीडीआर5 या दोन्हींना 288 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून जोर लावून बसवायला जाऊ नका. लॅपटॉपची स्टिक आखूड असते. आपल्याकडे कोणती आहे, ते जुन्या स्टिकवरच्या लेबलवर असतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग आणि भरलेले स्लॉट दिसतात. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती मेमरी घेतो, ते त्याच्या पुस्तिकेत मिळतं.

दुसरा प्रश्न जोडीचा. वेगवेगळ्या वेगाच्या दोन स्टिक लावल्या, तर दोन्ही सावकाश असलेलीच्या वेगाने चालतात. बहुतेकदा जमतं, पण खात्री कोणी देत नाही. शक्य असेल तर एकाच पाकिटातली जुळी घ्या. स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरमधली जुनी रजिस्टर्ड मेमरी घेऊ नका, ती घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. घरच्या कामाला वेगातल्या थोड्या फरकापेक्षा जीबी महत्त्वाचे. बिल जपून ठेवा, कारण मेमरीवर बऱ्याचदा दीर्घ मुदतीची वॉरंटी असते. आणि नवी स्टिकही रात्रभर तपासा. नवी आहे हा ती निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

शेवटची गोष्ट, आणि आमच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाची. हँग होणं हा या दोषाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा, की दोन वह्यांच्या फाइली उघडेनाशा झाल्या. बॅकअप होता. पण बॅकअपने बिघडलेली प्रतच प्रामाणिकपणे उतरवून घेतली होती, चांगल्या प्रतीच्या जागी. एक वही कपाटात होती, ती पुन्हा स्कॅन झाली. दुसरी, आता स्कॅन झालीच आहे म्हणून, आम्ही रद्दीत दिली होती.

म्हणून रॅमचा संशय आला, की त्या यंत्रावर आधी लिहिणं थांबवा आणि आपोआप होणारा बॅकअप बंद करा. महत्त्वाच्या फाइली असलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तिथून प्रत घ्या. निदान त्यानंतर सावकाश करा. आणि मूळ कागद टाकण्यापूर्वी प्रत एकदा उघडून बघा.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांकडे वळू. ‘पॉवर हा शब्द दिसला म्हणून वीजपुरवठ्याचा दोष’ हे त्यांतल्या कोणत्या प्रकारात बसतं, यावर तोवर विचार करून या.