दूरच्या प्रवासाची सायकल : सुटे भाग घेण्यापूर्वी मापांचा मेळ पाहा

सायकल म्हणजे दूधवाल्याचे आणि कारखान्यातील कामगाराचे वाहन, ही समजूत आता मागे पडली आहे. पाठीमागे बॅगा बांधून घाट उतरायचा आणि कोकणातील लाल मातीच्या वाटेने पुढे गोव्यापर्यंत जायचे, असा शौक असलेले तरुण वाढत आहेत. डांबरी आणि खडीच्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या या सायकलीला 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे २००६ साली खडीच्या रस्त्यांवरील २०० मैलांची शर्यत सुरू झाली. पुढे हा प्रकार इतका वाढला की, जपानच्या शिमानो कंपनीने २०१९ साली खास या सायकलींसाठी जीआरएक्स नावाचे गिअर-ब्रेकचे संच बाजारात आणले.

तयार सायकल घेतली तर भाग एकमेकांना जुळतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कंपनीची असते. सुटे भाग आणून सायकल बांधून घेतली की, ती जबाबदारी ग्राहकावर आणि जोडणाऱ्या कारागिरावर येते. खर्च तर सहज लाखावर जातो. आमच्या कापडाच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. सुटिंग उंची घेतले आणि अस्तर आटणारे लावले, तर पहिल्या धुलाईत कोट वाया जातो. म्हणून प्रत्येक भागाबाबत दोन प्रश्न विचारावेत. शेजारच्या भागाशी याचे माप जुळते काय? आणि घरापासून दोनशे किलोमीटरवर हा भाग बिघडला, तर तेथे त्याची सोय होईल काय?

सुरुवात चाकापासून

सत्तर किलोचा स्वार, पंधरा किलोचे सामान आणि चौदा-पंधरा किलोची सायकल मिळून वजन शंभर किलोच्या घरात जाते. त्यातील निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर येतो. म्हणून पहिला पैसा चाकात घालावा. तारा किमान ३२ असाव्यात. सामान जास्त असेल तर मागे ३६ बऱ्या. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या बाजूच्या तारांची लांबी बहुधा वेगळी असते. दोन्ही मापे लिहून घ्यावीत आणि प्रत्येकी तीन-चार तारा सोबत ठेवाव्यात.

टायरच्या मापात पुष्कळांची फसगत होते. आपल्या काळ्या सायकलीचा २८ × १½ चा टायर खेड्यातील दुकानातही मिळतो. पण तो ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमचा असतो आणि ग्रॅव्हल सायकलीची ७००-सी रिम ६२२ मिलिमीटरची असते. तेरा मिलिमीटरच्या फरकामुळे तो टायर काही उपयोगाचा नाही. मात्र २९ इंची माउंटन सायकलची रिमही ६२२ मिलिमीटरचीच असते आणि तिचे टायर जिल्ह्याच्या गावी मिळू शकतात. ते साधारण ५० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतात. म्हणून रोज ४० मिलिमीटरचा टायर वापरायचा असला, तरी फ्रेम आणि पुढचा फोर्क ५० मिलिमीटरचा टायर सामावून घेतील असेच निवडावेत. अडचणीच्या वेळी मडगार्ड काढून काम भागते.

फ्रेम कशी असावी?

सामान वाहण्यासाठी क्रोमोली स्टीलची फ्रेम चांगली. कॅरियर आणि मडगार्ड बसवण्याची आट्यांची भोके तिच्यात आधीपासून असावीत. पॅडलपासून मागच्या चाकापर्यंतचा दांडा ४३५ ते ४५० मिलिमीटर असला, म्हणजे टाच बॅगेला लागत नाही. स्टीलची फ्रेम कोणीही वेल्डर जोडून देईल, असे सांगितले जाते. त्यावर फार विसंबू नये. चांगल्या फ्रेमची नळी मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि अननुभवी हाताने ती जळते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसाठी नळ्यांच्या आतून गंजरोधक तेल फिरवून घ्यावे.

क्रँकचा आस जेथे बसतो ती जागा आट्यांची, ६८ मिलिमीटर रुंदीची, ज्याला बीएसए म्हणतात तशी असावी. ती साध्या हत्यारांनी उघडते. फक्त उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे कारागिराने ध्यानात ठेवावे. दाबून बसवलेल्या बेअरिंगमध्ये माप किंचित चुकले तरी करकर सुरू होते.

गिअरचे गणित

शर्यतीच्या सायकलीवर पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांचा सर्वांत हलका गिअर नेहमी दिसतो. ४० मिलिमीटरच्या टायरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६८ मीटर पुढे जाते. पुढे ३० आणि मागे ३४ दाते घेतले, तर हेच अंतर १.९५ मीटर होते. सामानासह खड्या घाटात वेग ताशी सात किलोमीटरवर आला, तर पहिल्या गिअरमध्ये पाय मिनिटाला जेमतेम ४४ फेरे मारतो आणि गुडघ्यावर ताण येतो. दुसऱ्यात ६० फेरे सहज होतात. ज्याला घाट चढायचा आहे, त्याने दुसरा घ्यावा.

डिरेलर घेताना त्याची क्षमता तपासावी. पुढे ४६-३० आणि मागे ११-३४ असेल, तर १६ अधिक २३ म्हणजे ३९ दात्यांचा फरक त्याला सांभाळता आला पाहिजे. शिमानोच्या नऊ गिअरपर्यंतच्या जुन्या मालात रोड सायकलीचा शिफ्टर आणि माउंटन सायकलीचा मागचा डिरेलर एकत्र चालत असे. दहा गिअरपासून केबल ओढण्याचे प्रमाण बदलले आणि ती सोय राहिली नाही. हे माहीत नसल्याने दोन्ही भाग चांगले असूनही गिअर नीट लागत नाही.

ब्रेकमध्ये काटकसर नको

तेलाचे डिस्क ब्रेक हलक्या हाताने लागतात. पण त्यांतील तेल दोन जातींचे असते. शिमानोच्या ब्रेकला मिनरल तेल लागते, तर काही कंपन्यांच्या ब्रेकला डॉट जातीचे. एकाच्या जागी दुसरे भरले, तर आतील रबर खराब होऊन ब्रेक निकामी होतो. दूरच्या प्रवासाला केबलने चालणारा डिस्क ब्रेक सोयीचा, कारण केबल बदलणे सोपे असते. ब्रेक बसवण्याची जागा फ्लॅट माउंट आहे की पोस्ट माउंट, हे फ्रेमवर पाहूनच ब्रेक घ्यावा. पावसात लाल चिखलाने पॅड लवकर झिजतात. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात. मात्र डिस्कवर फक्त रेझिनचे पॅड वापरण्याची सूचना असेल तर ते लावू नयेत. पॅडचे दोन जोड सोबत असावेत.

कारागिराला आधी विचारा

आता दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. आजकाल ग्राहक एक भाग येथून, दुसरा तेथून ऑनलाइन मागवतो आणि पिशवी कारागिरासमोर ठेवून 'जोडून द्या' म्हणतो. माप जुळले नाही तर दोष कारागिराच्या माथी येतो, आणि नाइलाजाने बसवलेला भाग घाटाच्या उतारावर दगा देतो. तेथे प्रश्न जिवाचा असतो. म्हणून दुकानदाराने एक छापील तक्ता ठेवावा. रिम, हबची रुंदी, आस, आटे, गिअरची संख्या, ब्रेकची बैठक अशी प्रत्येक माप-नोंद त्यात खरेदीपूर्वी भरावी आणि एक प्रत ग्राहकाला द्यावी. या सल्ल्याचे आणि चाक बांधण्याचे पैसे बिलात वेगळे दाखवावेत. तो हुनर आहे आणि त्याचे मोल मागण्यात संकोच नसावा. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर चाकाच्या तारा पुन्हा तपासून देण्याचे बोलून ठेवावे.

ग्राहकानेही नवी खरेदी करण्याआधी हा तक्ता कारागिरासमोर ठेवावा. अर्ध्या तासाच्या या कामात हजारो रुपये वाचतात, आणि गाव मागे पडल्यावर सायकल भरवशाची राहते.