नव्या पत्राची वर्दी

झाशीस बदली होऊन आल्यावर पोस्टमनच्या हाकेचे मोल कळते. संगणकावरील पत्र मात्र हाक न देताच येते. ‘मट’ हा १९९५ साली निघालेला, केवळ अक्षरांतून चालणारा टपालाचा कार्यक्रम. कोणत्या पेट्यांवर त्याने नजर ठेवावी, हे त्याच्या मांडणीच्या फायलीत ‘मेलबॉक्सेस’ या शब्दापुढे लिहावे लागते. ‘बीप न्यू’ हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला, की मट उघडा असताना नव्या पत्राच्या वर्दीबरोबर घंटीही वाजते.

घरची पत्रे मी निराळ्या पेटीत वळविली; परंतु तिचे नाव लिहावयाचे राहिले. आईच्या आजाराचे पत्र तेथे तीन दिवस मूकपणे पडून होते. आता परिपत्रकांची पेटी यादीत नाही, घरची आहे. वर्दी थोड्यांचीच असावी. पण ज्याची वाट पाहावी, त्याची चुकू नये.