नळी काढायची सकाळ

सकाळी सातच्या सुमाराला अतिदक्षता विभागातली सिस्टर सिरिंज पंपावरचं झोपेचं औषध थांबवते आणि दिवसातलं सगळ्यात नाजूक काम सुरू होतं. मिडॅझोलम आणि फेंटानिल रात्रभर चालूच असतं. ते बंद केल्यावर कुणी अर्ध्या तासात डोळे उघडतो, कुणाला दुपार होते, मूत्रपिंडं थकलेली असतील तर दुसरा दिवस उजाडतो. सिस्टर कानाशी वाकून बोलते, "काका, डोळे उघडा की. माझं बोट धरा." ओ आली नाही तर हेच कानडीत. अक्कलकोट तालुक्यातल्या कितीतरी घरांत आत कानडी आणि बाहेर मराठी चालते. गुंगीतून वर येणाऱ्या माणसाला "कण्ण तेगीरी" ही हाक अधिक जवळची.

अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर. फ्लू किंवा कोविडनं फुप्फुसं भरलेला, ऑक्सिजनचा मास्क लावूनही धापा टाकणारा रुग्ण १०८च्या गाडीतून हे अंतर कापतो. तो शहरातल्या खासगी रुग्णालयात पोचतो, नाहीतर 'सिव्हिल'मध्ये. सिव्हिल म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथं घशातून श्वासनलिकेत नळी जाते आणि नातेवाइकांत एकच वाक्य फिरू लागतं: व्हेंटिलेटरला लावलं, आता काही खरं नाही. ही भीती उगाच आलेली नाही. २०२० आणि २०२१ मध्ये व्हेंटिलेटरवर गेलेले फार लोक परत आले नाहीत. पण जे आले, ते कसे आले हे घरच्यांना कुणी नीट सांगितलंच नाही. पीपीई किट घातलेली माणसं आत, घरची माणसं बाहेर, आणि मध्ये दिवसातून एखादा फोन. एवढ्यात कोण काय समजावणार?

मशीन फुप्फुसं बरी करत नाही, वेळ काढून देतं. विषाणूनं हवेच्या पिशव्यांचं अस्तर जाळलेलं असतं, त्यांत पाणी आणि प्रथिनं साचलेली असतात. काही भाग दगडासारखा घट्ट झालेला असतो, उरलेल्या थोड्या भागावर सगळा भार. त्या थोड्या भागात जास्त हवा कोंबली तर तोही फाटतो. म्हणून हवेचं माप ठरवायला रुग्णाची उंची टेपनं मोजतात. १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबातलं वजन साडेएकसष्ट किलो येतं. मग तो प्रत्यक्षात नव्वद किलोचा असला तरी एका श्वासाला किलोमागं ६ मिलिलिटर, म्हणजे ३७० मिलिलिटरच हवा. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासानं २०००मध्ये हे पक्कं केलं: मोठे श्वास दिलेल्या गटात जवळजवळ ४० टक्के माणसं गेली, छोट्या श्वासांच्या गटात ३१ टक्के. पालथं झोपवण्याचंही तसंच. दिवसाला सोळा-सोळा तास. पाचसहा जण मिळून नळी, सलाईन, कॅथेटर सांभाळत नव्वद किलोचं शरीर उलटं करतात, तेव्हा त्यातला एक जण फक्त नळी धरून डोक्याशी उभा असतो. दुसऱ्या कुठल्याही कामाला तो हात लावत नाही.

हे सगळं निभावलं की खरा पेच येतो. नळी लवकर काढली आणि रुग्ण थकला, तर ती पुन्हा घालावी लागते. तोवर सूज वाढलेली, ऑक्सिजन घसरलेला, आणि जिवाला पहिल्यापेक्षा जास्त धोका. उशीर केला तर न्यूमोनिया मागं लागतो, शिवाय श्वासाचा मुख्य स्नायू वाळत जातो. छाती आणि पोट यांच्यामधला हा पडदा. २००८च्या एका अभ्यासात १८ ते ६९ तास पूर्ण विसावलेल्या पडद्याचे स्नायुतंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. प्लास्टर काढल्यावर हात जसा काडीसारखा दिसतो, तसंच हे. फरक इतकाच, की हाताला आठ दिवस आराम देता येतो; या स्नायूला नळी निघाल्याच्या क्षणापासून मिनिटाला वीस-पंचवीसदा काम करायचं असतं.

मग कधी काढायची? आतल्या आवाजावर विसंबून चालत नाही. १९९६मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ३०० रुग्णांवर एक साधी गोष्ट करून पाहिली गेली. रोज सकाळी ठरलेल्या कसोट्या लावायच्या, आणि जो उतरेल त्याला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ द्यायचा. असं केलेल्यांचे मशीनवरचे दिवस सहावरून साडेचारवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. रोज न चुकता विचारलेला एक प्रश्न, बस्स.

त्या कसोट्या अशा. ऑक्सिजन ४० टक्क्यांवर आलाय का, फुप्फुसं उघडी ठेवणारा दाब ५ ते ८ पर्यंत उतरलाय का, रक्तदाबाची औषधं जवळजवळ बंद आहेत का, ताप कसा आहे, सक्शनची नळी आत जाताच ठसका येतो का. शेवटचा प्रश्न एक्स-रेपेक्षा मोलाचा. विषाणूच्या आजारात एक्स-रे कितीतरी दिवस पांढराच दिसत राहतो. माणूस त्याच्या पुढं निघून गेलेला असतो. फिल्मकडं बघत थांबणाऱ्यांचे दिवस वाया जातात.

सगळं जुळलं की ट्रायल. खाटेचं डोकं वर, तोंड साफ, घसा साफ. मशीनचा आधार अगदी कमी, नाहीतर मशीन सोडवून, टी-पीस लावून नुसता ऑक्सिजन. कोविडमध्ये हवेतून विषाणू पसरू नये म्हणून बरेच जण टी-पीस टाळायचे आणि मशीनवरच दाब कमी करायचे. आता अर्धा ते दोन तास कुणीतरी खाटेशी उभं राहायचं.

इथं डोळा लागतो. मिनिटाला २४ श्वास आणि प्रत्येक श्वास ३५० मिलिलिटरचा असेल तर श्वासांच्या आकड्याला लिटरमधल्या हवेनं भागून उत्तर ६९च्या आसपास. श्वास ३५ आणि हवा २५० असेल तर १४०. १०५च्या पुढचा आकडा उथळ धापेचा मानतात. यांग आणि टोबिन यांनी तो १९९१मध्ये मांडला. पण जुनी सिस्टर आकड्याआधी मान पाहते. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताठ झाले, नाकपुड्या फुलल्या, कपाळावर घाम आला, छाती वर जाताना पोट आत गेलं, की सॅच्युरेशन ९६ असलं तरी ती डॉक्टरांना हाक मारते. कारण सॅच्युरेशन सगळ्यांत शेवटी पडतं. ट्रायल फसली तर आधार पुन्हा वाढवायचा, रुग्णाला विश्रांती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. एकाच दिवशी पुन्हापुन्हा दमवायचं नाही. बाहेर थांबलेल्या मुलाला 'आज जमलं नाही' एवढंच कळतं आणि तो खचतो. 'उद्या परत बघणार आहोत' हे त्याला आवर्जून सांगायला हवं.

ट्रायल जमली तरी घाई नाही. पालथं झोपल्यानं आणि दहाबारा दिवसांच्या नळीनं स्वरयंत्र सुजलेलं असू शकतं. नळीभोवतीच्या फुग्यातली हवा काढून बाजूनं हवा निसटण्याचा आवाज येतो का ते ऐकतात. आवाजच नसेल तर स्टिरॉइड देऊन थांबतात. मग चिकटपट्ट्या सुटतात, तोंडातलं सक्शन होतं, दहा मिलिलिटरच्या सिरिंजनं फुगा रिकामा होतो. "खोकला काढा, जोरात! केम्मरी!" आणि खोकल्याच्या झटक्याबरोबर नळी बाहेर. लगेच नाकाला हाय-फ्लो ऑक्सिजन. कान घशाकडं असतात: शीळ घातल्यासारखा आवाज आला तर सूज आहे. नवी नळी आणि लॅरिंगोस्कोप खाटेशेजारीच मांडलेले असतात आणि पुढचे दोन दिवस ते हलवत नाहीत.

पहिल्या दिवशी आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा. शहाळं घेऊन आलेल्या नातेवाइकांना सिस्टर परत पाठवते, त्याचा त्यांना राग येतो. पण नळीनं बधिर झालेल्या घशातून पाण्याचा घोट सरळ फुप्फुसात उतरू शकतो. आधी चमचाभर पाणी, मग ठसका लागतो का ते पाहणं, मग पुढचं.

माणसं राबल्याखेरीज हा श्वास परत येत नाही, हे जगानं १९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पाहिलं होतं. पोलिओच्या साथीत सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातानं रबरी पिशवी दाबत रुग्ण जगवले आणि अतिदक्षता विभाग ही कल्पनाच तिथं रुजली. आपल्याकडं कोविडमध्ये पीएम केअर्स निधीतून देशभर हजारो व्हेंटिलेटर गेले. चालवायला माणसं नाहीत म्हणून काही ठिकाणी ते पडून राहिल्याच्या बातम्याही आल्या. मशीन लावणारा एक डॉक्टर मिळून जातो. त्यावरून माणूस उतरवायला तिन्ही पाळ्यांत दोन खाटांमागं एक शिकलेली सिस्टर आणि रोज येणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. त्यांच्या भरतीसाठी कुणी फीत कापत नाही, आणि या जागा रिकाम्या राहिल्या की पहिला फटका सकाळच्या त्या प्रश्नाला बसतो.

घरी गेलेल्या माणसाचं कामही संपलेलं नसतं. मांड्यांत बळ नसतं, जिना चढताना धाप लागते, रात्री आयसीयूतले भास परत येतात. बायकोला वाटतं, माणूस बदलला. श्वासाचे व्यायाम, खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते पाहणं, यासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. एक खोली, एक पल्स ऑक्सिमीटर आणि आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट पुरतो. दर वेळी अशक्त माणसाला एसटीत बसवून सोलापूरला न्यायला लागतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर घरचे जाणंच सोडतात. ही खोली अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात हवी, आणि पुढची साथ येण्याआधी हवी.